फाटकाची कडी कोणाच्या हातात?

(तळोजा येथील अभ्यास शिबिरात केलेले भाषण, जिल्हा बैठकांसाठी)



यवतमाळ, वर्धा, परभणी, जालना अशा भागांतून तुम्ही रात्रभर गाडीत बसून तळोज्याला आलात. तळोजा म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना तुरुंग आठवतो. आपण दुसऱ्या कामाला आलो आहोत. जागतिकीकरण हा शब्द आपण गेली तीस-पस्तीस वर्षे भाषणांतून ऐकतो. तो डोळ्यांनी पाहायचा तर अशी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. इथून जवळ न्हावाशेव्याचे बंदर आहे. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशाच्या प्रमुख बंदरांतून जेवढे कंटेनर ये-जा करतात त्यांतले निम्म्याच्या आसपास या एका बंदरातून जातात. सकाळी रस्त्यावर ट्रेलरची जी रांग तुम्ही पाहिली ती त्याचीच.

या वसाहतीशी आपले जुने नाते आहे. पेरणीच्या वेळी २४:२४:० ची पिशवी आपल्यापैकी पुष्कळांनी फोडली असेल. 'महाधन' नावाने ते खत करणाऱ्या दीपक फर्टिलायझर्सचा कारखाना इथे तळोज्यात आहे. खतातले नत्र येते अमोनियातून, अमोनिया होतो नैसर्गिक वायूपासून, आणि देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा भाग जहाजाने येतो. स्फुरदाचा दगड आपल्या देशात थोडा. तो किंवा त्याचे आम्ल जॉर्डन, मोरोक्को अशा देशांतून आणावे लागते. म्हणजे ज्या वावरात विहीर नाही, कॅनॉल नाही, त्या वावराचाही सांधा परदेशातल्या खाणीशी जुळलेला आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने हल्ला केला आणि मिश्र खताचा भाव आपल्या तालुक्याच्या दुकानात चढला, तो याच सांध्यामुळे.

तेव्हा जग आपल्या दारात यावे की येऊ नये, हा वाद आता पोकळ आहे. ते आलेले आहे. प्रश्न एवढाच की फाटकाची कडी कोणाच्या हातात आहे आणि ती केव्हा काढली जाते, केव्हा लावली जाते.

एक महिना लक्षात ठेवा : एप्रिल २०१०. त्या महिन्याच्या १ तारखेपासून सरकारने स्फुरद आणि पालाश खतांचे भाव कंपन्यांवर सोडले. सरकार ठरावीक अनुदान देईल, वरचा भाव बाजार ठरवील, असे धोरण आले. खतापुरते फाटक उघडले. त्याच महिन्याच्या १९ तारखेला कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवण्यात आली. का? गिरण्यांना सूत महाग पडते म्हणून. खत जगाच्या भावाने घ्या, कापूस मात्र देशातल्या गिरणीला परवडेल त्या भावाने द्या! पुढच्या हंगामात निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली गेली, आणि त्याच हंगामात, मार्च २०११ मध्ये, जगाच्या बाजारात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली. एवढा भाव त्याआधी कधी कोणी पाहिला नव्हता. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा निर्यातबंदी आली. ओरड झाल्यावर आठवड्याभरात ती मागे घेतली, पण तेवढ्या दिवसांत ज्याला देणेकऱ्याच्या तगाद्याने माल विकावा लागला, त्याला फरक कोणी दिला नाही.

आपल्याकडची ही रीत जुनीच. १९७२ ते २००२ एकाधिकार योजनेत आपला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. स्वतःच्या वावरात पिकवलेल्या मालासाठी सीमेवर नाकी होती. आणि गॅटच्या वाटाघाटींत आपल्याच सरकारने जो हिशेब मांडला त्यात १९८६-८८ च्या पायाभूत काळात शेतमालाला दिलेली मदत उणे निघाली. उणे म्हणजे काय, तर बाहेर जो भाव होता त्यापेक्षा आपल्याला कमी मिळू दिला. आम्ही शेतकी कॉलेजात उत्पादन वाढवण्याचे सगळे उपाय शिकलो, पण हे गणित तिथल्या एकाही पुस्तकात नव्हते.

आता दुसऱ्या बाजूला चला. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी त्या काळी होते साधारण २५ हजार. आपल्या दोन-तीन तालुक्यांत एवढे खातेदार निघतील. २००१-०२ मध्ये जागतिक भाव पौंडाला ४२ सेंटच्या आसपास कोसळला, तीस वर्षांतला नीचांक. त्या वर्षी या २५ हजारांना तिथल्या सरकारने तीन अब्ज डॉलरहून अधिक मदत दिली. भाव पडला की आपला शेतकरी पुढच्या वर्षी तूर-सोयाबीनकडे वळतो. तिथला वळत नाही, कारण बाजारात जे तुटले ते तिजोरीतून भरून निघते. मग पीक तेवढेच राहते, माल जगाच्या बाजारात ओतला जातो आणि भाव आणखी पडतो. शिवाय एक योजना अशी होती की अमेरिकेची महाग रुई जी गिरणी किंवा जो निर्यातदार घेईल त्याला वरचा फरक सरकार द्यायचे. ती २००६ मध्ये रद्द झाली.

का रद्द झाली ते ऐकण्यासारखे आहे. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आणि २००४ व २००५ मध्ये दोन्ही पायऱ्यांवर निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. तरी अमेरिका पुरती हलेना, तेव्हा ब्राझीलला अमेरिकी मालावर बदल्याचा कर बसवण्याची परवानगी मिळाली. मग २०१० मध्ये अमेरिकेने वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यायचे कबूल केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. थोडक्यात, आपल्या शेतकऱ्याची मदत चालू ठेवण्यासाठी परक्या शेतकऱ्यालाही पैसे दिले!

याच काळात आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश हीच तक्रार घेऊन उभे होते. कोरडवाहू कापूस, बैलाची नांगरट, पावसाची वाट, अगदी आपल्यासारखे. त्यांनी २००३ मध्ये मागणी मांडली. सप्टेंबरात कान्कुनची परिषद त्यावर काही न देता मोडली. डिसेंबर २००५ मध्ये हाँगकाँगला निर्यात अनुदाने काढण्याचे वचन मिळाले, पण देशांतर्गत मदतीचा मोठा डोंगर जागेवरच राहिला. ब्राझील बदल्याचा कर लावू शकत होता. चाडने कर लावला तर अमेरिकेचे काय बिघडणार? नियम सगळ्यांना एक होता, पण तो वाजवून घेण्याची ताकद एक नव्हती. श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यातली दरी आम्हाला तरी बंदरात दिसत नाही, ती इथे दिसते.

पण श्रीमंत देशातला प्रत्येक माणूस श्रीमंत, असे समजू नका. मदत उत्पादनावर आणि जमिनीवर मिळते, म्हणजे ज्याचे रान मोठे त्याचा वाटा मोठा. उत्तर कॅरोलिनात कॅनापोलिस नावाचे गिरणीचे गाव आहे. टॉवेल-चादरी विणणारे. स्वस्त माल बाहेरून आला आणि ३० जुलै २००३ रोजी तिथल्या कंपनीने गिरण्या बंद केल्या. त्या एका गावच्या आसपासचे चार हजारांवर कामगार घरी बसले. तेव्हा कापूस पिकवणाऱ्याला तिजोरी होती, विणणाऱ्याला नव्हती. आपले गिरणगावही उठले. त्याची सुरुवात जागतिकीकरणाच्या आधी, १८ जानेवारी १९८२ च्या संपापासून झाली, हे खरे. पण गिरण्यांच्या जमिनीवर नंतर जे मनोरे उभे राहिले ते कोणाच्या भरभराटीचे, ते दादर-परळला जाऊन पाहा.

आणि हे तळोजा. इथे भातशेती होती, खाडीची मासेमारी होती. जमीन गेली कारखान्यांसाठी एमआयडीसीकडे, शहरासाठी सिडकोकडे. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ती मेहेरबानी नव्हती. आज तळोज्याच्या अंगाला पेंधरपर्यंत मेट्रो आली आहे, १७ नोव्हेंबर २०२३ पासून ती चालू आहे. त्याच तळोज्याची कासाडी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने अशी बिघडली की प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. ज्याच्याकडे भूखंड आला त्याचे घर पक्के झाले. जो नुसता कोळी होता, सातबारा नसलेला, त्याला टक्केवारी कशाची मिळणार? विकास झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. तो कागद पाहून वाटला गेला.

ज्वारीवाल्यांनी म्हणू नये की हे सगळे कापसाचे झाले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. तीही ज्वारीच, अमेरिकेत जनावरांना घालतात ती. दुष्काळात तिने पोट भरले, तिला नावे ठेवू नयेत. पण रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ कायमचे बसले आणि आपली ज्वारी बाहेर राहिली. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये जाहीर झाला. कागदावर. ज्वारीला खरेदी केंद्र केव्हा उघडले आणि केव्हा बंद झाले, हे तुम्ही आम्हाला सांगा.

आता अलीकडची गोष्ट. फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. २०२२ च्या एप्रिलात भाव चढलेला असताना ते उठवले. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड निर्यातदार घाबरले, आणि १९ ऑगस्टपासून पुन्हा शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपली पहिली-दुसरी वेचणी केव्हा येते? दसरा-दिवाळीला. लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये जाहीर होता, पण सीसीआयला बारा टक्क्यांवर ओलावा चालत नाही आणि पहिल्या वेचणीत ओल असतेच. ज्याला थांबता आले नाही त्याने खेड्यातल्या व्यापाऱ्याला घातला. वॉशिंग्टनने गिरणीला मारले, दिल्लीने गिरणीला वाचवले, आणि मोजले कोणी?

आम्ही अमेरिकेसारखी तिजोरी मागत नाही. ती मिळणार नाही, आणि मिळाली तर बड्यांनाच मिळेल. आमची मागणी लहान आहे : आयात शुल्क आणि निर्यातीचा नियम जो काय ठरवायचा तो पेरणीच्या आधी, मे अखेरपर्यंत जाहीर करा, आणि माल विकला जाईपर्यंत, म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत, त्याला हात लावू नका. लावलाच, तर त्या दिवसापासूनच्या भावाचा फरक पट्टीवर द्या.

हे मागायचे तर पुरावा लागतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावातून निदान दहा जणांच्या कापूस विक्रीच्या पट्ट्या आणा : एप्रिल २०१०, मार्च २०१२, एप्रिल २०२२ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या काळातल्या. जुन्या नसतील तर निदान शेवटच्या हंगामाच्या आणा. तारीख, वजन आणि भाव दिसले पाहिजेत. झेरॉक्स चालेल.