दुसऱ्या मे महिन्यापर्यंत

(वसई-विरार परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वसईचे नाव निघाले की मराठी मनाला 1739 हे साल आठवते. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या किल्ल्याविषयी येथे पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु किल्ल्याच्या तटाबाहेर या भूमीची आणखी एक तटबंदी होती. ती दगडाची नव्हती, गोड्या पाण्याची होती. तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात पूर्वजांनी बावखले खोदली. निघालेली माती घराच्या जोत्याला गेली आणि मागे उरलेल्या खळग्यात पावसाचे पाणी साठू लागले. त्यावर रहाट फिरला, त्या पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या उभ्या राहिल्या. बावखलाचे खरे काम मात्र डोळ्यांना न दिसणारे होते. किनाऱ्यावरील जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा साधा हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. वरचे एक फूट उपसून संपवले की खालची खारी सीमा चाळीस फूट वर सरकते. बावखल मुरत राहिले म्हणून विहिरी गोड राहिल्या. पुढे रहाट गेले, पंप आले, टँकर भरू लागले, आणि अनेक विहिरी मचूळ झाल्या. या प्रश्नावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने लोक रस्त्यावर आले. तरीही कितीतरी बावखले राडारोड्याने बुजली. जुलै 2018 मध्ये नालासोपारा आणि वसई पाण्याखाली गेले, लोहमार्ग ठप्प झाला, मिठागरांत माणसे अडकून पडली. पाणी मावण्याच्या जागा बुजवल्या की ते घरात शिरणारच, हे त्या आठवड्यात शिकवणीवाचून सर्वांना कळले.

महाविद्यालयाच्या आवारातील पर्यावरणाचा विचार येथून सुरू व्हावयास हवा. पण तो बहुधा जुलै महिन्यातील छायाचित्रापासून सुरू होतो. 1950 साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाचा पायंडा पाडला, तेव्हा हेतू थोर होता. महाराष्ट्र शासनाने 2019 साली 33 कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला. संकल्प लहान असो वा मोठा, रोपाची परीक्षा लावण्याच्या दिवशी नसते. कोकणच्या पावसात काठी रोवली तरी चार पाने फुटतात. परीक्षा असते ती पहिल्या मे महिन्यात, आणि त्याहून कठीण अशी दुसऱ्या मे महिन्यात. त्या वेळी महाविद्यालयास सुट्टी असते, फलकावरील शाई उडालेली असते, आणि ज्यांनी रोप लावले ते तृतीय वर्ष उत्तीर्ण होऊन गेलेले असतात.

विद्यार्थ्यांच्या उपक्रमाचे खरे दुखणे हेच आहे. उत्साहाची वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतील 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास द्यावेत आणि सात दिवसांचे शिबिर करावे, अशी तिची रचना झाली. तास पुष्कळ आहेत. पण ते तास प्रभातफेरी, घोषवाक्ये आणि भित्तिपत्रके यांत खर्ची पडले, तर वहीत भरतात आणि जमिनीवर उमटत नाहीत.

पानांचेच पाहा. डिसेंबरपासून आवारात पाने गळतात, झाडूने एका कोपऱ्यात जमतात आणि सायंकाळी कुंपणाजवळ निळसर धूर दिसू लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि 5 हजार रुपयांपासून दंड ठरवला, तरी हा धूर अनेक ठिकाणी थांबलेला नाही. जाळणाऱ्या सफाई कामगारास दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुसरी सोय कोणी करून दिली?

ती सोय अवघड नाही. विटांच्या सांधी मोकळ्या ठेवून एक हौद बांधावा, तळाशी काटक्या अंथराव्यात. वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर, नत्र थोडे. उपाहारगृहातील भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत नत्र अधिक. दोन्हींचे थर घातले आणि कार्बन-नत्राचे प्रमाण तिसास एक याच्या आसपास आले की जिवाणू कामाला लागतात. शेणकाला किंवा जुने खत विरजणासारखे टाकावे. मिश्रण मुठीत दाबले असता एखाद-दुसरा थेंब सुटावा, इतकाच ओलावा हवा. ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. हात घालून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास सूक्ष्मजीवशास्त्राचा धडा तेथेच मिळतो. दुर्गंधी सुटली तर समजावे की हवा कमी पडली. ढीग खालीवर करावा. आपल्याकडील पावसात वर पत्रा नसेल तर सारे खत वाहून जाईल, ही गोष्ट शहरातून आलेल्या आराखड्यांत हमखास विसरलेली असते. उपाहारगृहाच्या चालकाला मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. ओल्या कचऱ्यात त्याच्याकडून प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, तर सारे श्रम वाया जातात.

पाण्याचा हिशेब त्याहून बोधप्रद आहे. वसई-विरारच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या नदीवरील धामणी धरणातून येतो. हा प्रकल्प मूळचा डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील शेतीसाठी होता. त्यातील पाणी शहरांकडे वळवल्याबद्दल तेथील आदिवासी शेतकऱ्यांच्या मनात खंत आहे आणि ती अवाजवी नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे वीस लिटर पाणी घालवतो. विश्वास नसेल तर बादली लावून पाहावी. दुसरीकडे, एक हजार चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर ते वीस लाख लिटर होतात. त्यातील काही अंश जरी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात उतरवला, तरी भूगर्भातील ते एक फूट सांभाळण्यास हातभार लागतो. पश्चिम पट्ट्यातील काही गावांत तरुणांनी श्रमदानाने बावखले उपसली आहेत. सात दिवसांच्या शिबिरासाठी याहून उत्तम काम दूर डोंगरात शोधण्याची गरज नाही.

आता व्यवस्थेविषयी थोडे. समिती दर जूनला बदलणार, हे गृहीत धरूनच आखणी करावी. अध्यक्षपद तृतीय वर्षाकडे असले तरी नोंदवही द्वितीय वर्षाच्या हाती असावी. तीत रोपाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख, मेले असल्यास मेल्याची तारीख लिहावी. मेलेली रोपे लपवू नयेत. कोणत्या कोपऱ्यात काय जगत नाही, हे पुढच्यांना त्यावरूनच कळते. जाती निवडताना शोभेच्या परदेशी झाडांपेक्षा किनाऱ्याला मानवणारी उंडी, करंज, भेंडी, ताम्हण पाहावीत. आवारातील माळीकाकांना समितीच्या बैठकीस खुर्ची द्यावी. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, ते वीस वर्षे तेथेच असतात.

राहिली ती मे महिन्याची पाळी. विरार, नालासोपारा, नायगाव, वसई येथे राहणारे विद्यार्थी रेल्वेचा पास असतोच. आठवड्यातून दोन वेळा पाणी घालण्यास कोण येणार, त्यांची नावे आजच, चहापूर्वी, त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावीत.