‘लस टोचल्यावर’ आणि ‘लस टोचल्याने’



लसींविषयीच्या एका पुस्तकाचे भाषांतर करीत असताना मला अडविले ते शास्त्रीय संज्ञांनी नव्हे, तर ‘वर’ या साध्या शब्दयोगी अव्ययाने. ‘लस टोचल्यावर मुलाला फ्लू झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘वर’चा अर्थ केवळ ‘नंतर’ एवढाच असतो, की ‘त्यामुळे’ असाही? बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दोन्ही अर्थ असतात. रायपुरात पावसाळा लागला की हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते, म्हणून आज त्याविषयीच बोलावे असे ठरविले.

लसीनेच रोग आणला ही समजूत अडाणीपणाची आहे, असे मला वाटत नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली लस. देवीच्या लशीत जिवंत विषाणू असे. टोचल्यानंतर काही दिवसांनी दंडावर फोड येई, अंग तापे, खपली धरे आणि जन्मभराचा वण राही. फोड आला नाही, तर लस लागू पडली नाही असे समजून ती पुन्हा देत. मराठीत त्या क्रियेला ‘देवी काढणे’ असे म्हटले गेले. टोचले म्हणजे रोग थोडासा अंगावर उठणारच, हा धडा आपल्या आजी-पणजींनी डोळ्यांनी पाहून घेतलेला आहे.

फ्लूच्या इंजेक्शनला मात्र तो लागू पडत नाही. त्यातील विषाणू बहुधा कोंबडीच्या अंड्यांत वाढवून, मारून, त्यांचे तुकडे करून घेतलेले असतात. मेलेला विषाणू वाढू शकत नाही. एखाद-दुसरा दिवस कणकण वाटते, दंड दुखतो, तो शरीराने दिलेला प्रतिसाद होय. नाकात फवारायच्या लशीत जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. तिने नाक वाहू शकते, परंतु फुप्फुसाच्या उष्णतेत तो नीट वाढत नाही.

मग मूल आजारी पडते कशाने? येथे दिवस मोजले पाहिजेत. संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत फ्लू प्रकट होतो. उलट, लशीचे संरक्षण तयार व्हावयास सुमारे दोन आठवडे लागतात. काश्मीरसारखा भाग सोडला, तर भारतात बहुतेक ठिकाणी फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. आपल्याकडे जूनच्या मध्यास शाळा उघडतात, पाऊस येतो, वर्गात खोकला सुरू होतो आणि तेव्हा कोठे आपल्याला लशीची आठवण होते. थंडीच्या तोंडावर लस घ्यावी हा पाश्चात्त्य देशांतील सल्ला आपल्याकडील पुस्तकांत जसाच्या तसा उतरतो, तो आम्हा भाषांतरकारांचाही दोष आहे. रायपूरच्या मुलाला लस हवी ती पावसाआधी.

याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मृत जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. त्यांपैकी तिघांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. त्याच दिवशी लक्षणे दिसली आणि ते दगावले. तेवढेच पाहून कोणी निष्कर्ष काढला असता, तर तो काय निघाला असता? पण मोजणी पुढेही चालू राहिली. लस न घेतलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला व सहाजण मरण पावले; लस घेतलेल्या उरलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

लशीची बाजू घेताना तिच्या उणिवा लपवू नयेत. चांगल्या वर्षीही फ्लूची लस साधारण निम्म्याच आजारांना अडविते. कोणत्या वाणांविरुद्ध ती करायची, हे जागतिक आरोग्य संघटना कित्येक महिने आधी सुचविते आणि विषाणू तोवर रूप बदलू शकतो. तेव्हा संरक्षण तयार झाल्यानंतरही फ्लू होऊ शकतो. तो बहुधा सौम्य असतो. शिवाय आपण सर्दी-खोकल्याच्या प्रत्येक तापाला ‘फ्लू’ म्हणतो, त्यांतले कितीतरी ताप निराळ्याच विषाणूंचे असतात.

हा शब्दच्छल नव्हे. नऊ वर्षांखालील मूल प्रथमच लस घेत असेल, तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. पहिली केवळ तयारी करून देते. नेमके या मधल्या काळात मूल आजारी पडले, की आई म्हणते, “लशीनेच झाले, आता दुसरी नको.” संरक्षण तिथेच अर्धवट राहते. धाप लागली, मूल पाणी पिईना, तर लशीचा वाद बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा. साधा ताप असेल तर तो उतरू द्यावा, मूल बरे झाले की डॉक्टरांना विचारावे आणि दुसऱ्या मात्रेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.