शीटमधला शेवटचा कॉलम

आजवर हा पॉडकास्ट मी ऑफिसला जाता-येता, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऐकत आलेय. आज पहिल्यांदाच माइकच्या या बाजूला बसलेय, त्यामुळे कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक, वय अठ्ठावीस. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि माझा नवरा पाठीवर एकेक सॅक टाकून ४५ दिवसांसाठी निघालो. थायलंड, लाओस, कंबोडिया. यादीत व्हिएतनामही होतं. ते का गळलं, ते पुढे येईलच.

परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, "किती खर्च आला गं?" तर आधी तेच सांगून टाकते. विमानाची तिकिटं सोडून, दोघांचे मिळून दिवसाला ३,५०० रुपये ठरवले होते. ४५ दिवसांचे झाले १,५७,५००. आणि हो, एवढ्यात जमतं.

कसं जमतं? पहिलं, रात्रीचा प्रवास. बँकॉकहून चियांग मायला रात्रीची स्लीपर ट्रेन घेतली, की एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. दुसरं, तुम्ही दोघं असाल तर डॉर्मचा हट्ट नको. दोन बेडच्या पैशांत बऱ्याचदा साध्या गेस्टहाउसची वेगळी खोली मिळते. तिसरं, एटीएम. थायलंडमध्ये बाहेरचं कार्ड घातलं, की दरवेळी २२० बात फी कापत होते. म्हणजे आपले पाचशेच्या वर रुपये. त्यामुळे थोडे थोडे काढू नका, एकदाच काढा. आणि शाकाहारी लोकांसाठी एक जादूचा शब्द आहे, "जे". माझा नवरा शाकाहारी. नुसतं "नो मीट" म्हटलं तर फिश सॉस पडतोच. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर दिसलं, की तिथे बिनधास्त बसायचं. लाओसमध्ये चिकट भात मिळतो, हाताने गोळा करून खायचा. त्याच्यासोबत आम्ही घरून नेलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. सांगते, भारी लागतं.

हे सगळं मी एका शीटमध्ये लिहायचे. तारीख, गाव, कशावर खर्च, तिथल्या चलनात किती, रुपयांत किती, आणि शेवटचा कॉलम, "कोणी दिले". कॉलेजला चार मैत्रिणी एका फ्लॅटमध्ये राहायचो, तेव्हापासूनची सवय. रात्री गेस्टहाउसवर पोचलं, की आंघोळीच्या आधी शीट. आकडा हिरवा असला, की मी खूश. लाल असला, की दुसऱ्या दिवशीचा नाश्ता बारीक.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझा नवरा डिझायनर आहे. निघायच्या तीन महिने आधी त्याच्या कंपनीने त्याची सगळी टीमच बंद केली. ट्रिप रद्द करूया असं तो म्हणाला होता. मीच म्हणाले, "अरे, माझी सेव्हिंग आहे ना. पैसे काय तुझे-माझे असतात का?" आणि हे मी अगदी मनापासून म्हणाले होते.

चियांग रायवरून आम्ही चियांग खोंगला गेलो. तिथे मेकाँगवरचा पूल ओलांडला की लाओस. तो पूल चालत ओलांडू देत नाहीत, बसनेच जावं लागतं. पलीकडे हुआय साय. तिथून लुआंग प्रबांगला स्लो बोट निघते. दोन दिवसांचा प्रवास, मध्ये पाकबेंग नावाच्या छोट्या गावात मुक्काम. बोटीत जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीट्स टाकलेल्या असतात. दोन्ही बाजूंना डोंगर, जंगल, मध्येच वाळूवर खेळणारी पोरं. नेटवर्क नाही. मी खिडकीशी बसून फोटो काढत होते. शेजारी हा भर दुपारच्या उन्हात जॅकेट घालून, डोळे मिटून बसला होता. मी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "काही नाही, मान अवघडलीये." मीही पुढे विचारलं नाही.

लुआंग प्रबांगला दुसऱ्या दिवशी क्वांग सी धबधब्याला जायचं होतं. हा म्हणाला, "तू जाऊन ये. माझ्या तिकिटाचे आणि टुकटुकचे पैसे वाचतील." मला राग आला. एवढ्या लांब येऊन ह्याला झोपायचंय! एकटीच गेले. निळंशार पाणी बघितलं, रागातच सेल्फी काढले, चार वाजता परत आले.

तो बाथरूमच्या फरशीवर आडवा होता. म्हणाला, "गार वाटतंय इथे."

गेस्टहाउसच्या मावशी धावत आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि थर्मामीटर आणायला गेल्या. १०३ च्या वर ताप. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाला, "बोटीत बसायच्या आदल्या दिवसापासून." म्हणजे चौथा दिवस! माझा आवाज चढला. "मग सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "या आठवड्यात आपण आधीच अकराशे रुपयांनी वर होतो."

मंडळी, हे वाक्य मी अजून विसरलेले नाहीये.

क्लिनिकमध्ये रक्त तपासलं. डेंग्यू. त्यातून या बाबाने बॅगेतली आयब्युप्रोफेनची गोळी दोनदा घेतली होती. हे नीट ऐका, डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि लगेच डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट उतरताहेत, रोज तपासाव्या लागतील, थायलंडला मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलात तर बरं.

त्या रात्री मी इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला फोन लावला. निघायच्या आदल्या आठवड्यात त्याच इन्शुरन्सचे साडेतीन हजार मी शीटमधून उडवणार होते. "आपण दोघं धडधाकट, कशाला उगाच?" असं म्हणून. याच्याच आग्रहामुळे ते राहिले होते.

सकाळची ट्रेन पकडली. लाओसमध्ये डिसेंबर २०२१ पासून नवी रेल्वे धावते. लुआंग प्रबांग ते व्हिएंतियान साधारण दोन तासांत. मग मैत्री पूल, पलीकडे नाँग खाय, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर उदोन थानी. हॉस्पिटलमध्ये चार रात्री. प्लेटलेट आधी ३८ हजारांपर्यंत उतरल्या, मग हळूहळू चढायला लागल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक गोष्ट समजावली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो, असं नसतं. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सगळ्यात जपायचे. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही.

तिसऱ्या रात्री त्याला जरा बरं वाटत होतं. मी सवयीने लॅपटॉप उघडला. तो म्हणाला, "जरा इकडे दाखव." मग शीट वरपासून खालपर्यंत स्क्रोल केलं आणि म्हणाला, "मी रोज रात्री हे बघायचो. शेवटच्या कॉलममध्ये सगळीकडे तुझंच नाव आहे. मी आहे कुठे यात?"

मी म्हणणार होते, अरे, ती नुसती नोंद आहे. पण नाही म्हणू शकले. कारण तो आजारी असूनही हिशोब करत होता, आणि तो हिशोब मीच त्याला शिकवला होता. माझ्यासाठी ती नोंद होती. त्याच्यासाठी ते रोज वाढणारं कर्ज होतं.

तो कॉलम मी त्याच्यासमोर डिलीट केला. त्याने प्रश्न सुटला असं नाही हां. नाँग खायला मेकाँगच्या काठी एका खोलीत आम्ही दहा दिवस नुसते राहिलो. खूप बोललो, दोनदा कडकडून भांडलोही. नोकरी गेल्याचं त्याला किती लागलं होतं, हे मला तिथे कळलं. घरी आम्ही दोघंही तो विषय टाळत होतो.

व्हिएतनाम सोडलं. ई-व्हिसाचे प्रत्येकी २५ डॉलर गेले. दहा दिवसांपूर्वी मी त्यावर हळहळले असते.

शेवटी अंगकोर केलं. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. मी सवयीने ३७ म्हणाले. तो म्हणाला, "तीन दिवसांचा घेऊ, रोज थोडंच चालायचं." तो पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी चालतो. त्यामुळे एक दिवस बघायचं, एक दिवस झोपायचं. अंगकोर वाटच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय, बाराव्या शतकातलं. त्याच्यासमोर आम्ही तासभर बसलो. घाईत असतो तर पाच मिनिटांत पुढे गेलो असतो.

तर जोडीने निघणाऱ्यांसाठी माझ्याकडून तीन गोष्टी. एक, इन्शुरन्स आणि आजारपणाचे पैसे रोजच्या बजेटच्या बाहेर ठेवा, म्हणजे डॉक्टरकडे जायला कुणाला आकडा बघावा लागणार नाही. दोन, दोघांनाही रोजचे सारखे पैसे द्या, ज्याचा हिशोब विचारायचा नाही. आम्ही तिनशे ठेवले. कमावतं कोण, याचा त्याच्याशी संबंध नाही. तीन, रात्री शीट भरायच्या आधी एकमेकांना विचारा, "तू कसा आहेस?" आणि "काही नाही" हे उत्तर लगेच मान्य करू नका.

माझी आई म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावे. बरोबरच आहे. फक्त अंथरूण दोघांचं असेल, तर दुसऱ्याने पाय आखडून घेतलेत का, तेही बघावं लागतं.

एकूण खर्च, म्हणाल तर, १,७१,००० झाला. साडेतेरा हजारांनी वर. तो आकडा शीटमध्ये अजून लालच आहे, आणि असू दे.

कुणी निघणार असाल, तर मच्छर पळवायचं क्रीम सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. चला, भेटू.