परदेशातले बिऱ्हाड



स्वतःच्या घरात माणूस राहतो. दुसऱ्याच्या घरात तो बिऱ्हाड करतो. ज्यांचे वाडवडील कोकणातून मुंबईस गिरणीच्या कामाला आले, त्यांना हा भेद समजावून सांगावयास नको. एकेका गावच्या माणसांनी मिळून गिरणगावात खोली धरलेली असे, नवा मुलगा बोटीतून उतरला की सरळ त्या खोलीवर जाई, आणि रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर आडवा होई. ती खोली कोणी निवडली होती? गिरणीच्या भोंग्याने. भोंगा ऐकू आला पाहिजे, एवढीच अट. बायकामुले गावी असत; त्यांचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

आज पुण्या-चाकणच्या कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून आमची मुले-मुली जर्मनीस जातात. आता बायको गावी राहत नाही, ती बरोबर जाते. परंतु घर निवडण्याची वेळ आली, की आमचे कान अजून त्या भोंग्याकडेच लागलेले असतात. ‘कारखान्यापासून किती मिनिटे?’ हा पहिला प्रश्न, आणि पुष्कळदा शेवटचाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते याविषयी. (नोकरी बायकोची आणि सोबत नवरा गेला, अशीही बिऱ्हाडे आता आहेत. त्यांनी आमच्या वाक्यांतले लिंग बदलून घ्यावे. बाकीचे म्हणणे तेच.)

सगळ्या जर्मनीविषयी बोलण्याऐवजी आम्ही एकच शहर घेतो. मुंबईशी १९६८ पासून ज्याचे भगिनीशहराचे नाते आहे, ते श्टुटगार्ट. मोटारींच्या धंद्यामुळे आपल्याकडील अभियंत्यांची तेथे मोठी ये-जा आहे. हे शहर एखाद्या परातीत मांडल्यासारखे आहे: मध्ये खोलगट भाग, भोवती द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, आणि टेकड्यांवर चढणारे दगडी जिने. असे जिने गावात चारशेहून अधिक आहेत. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दोनशे पायऱ्यांचे निघते, आणि भाजीची पिशवी व बाळाची गाडी घेऊन त्या पायऱ्या कोण चढणार, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. कारखाने तर शहराच्या चारी दिशांना पांगलेले: बॉश फॉयरबाखला, पोर्शे त्सुफेनहाउझेनला, मर्सिडीजचा एक कारखाना नेकार नदीकाठी उंटरट्युर्कहाइमला आणि दुसरा शहराबाहेर सिंडेलफिंगेनला. तेव्हा ‘श्टुटगार्टला नोकरी लागली’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या दिशेला लागली, ते आधी विचारावे.

आता जाहिरात वाचण्याची विद्या. ‘दोन खोल्यांची जागा’ असे वाचून आपला माणूस दोन शयनगृहांची कल्पना करतो. तेथे बैठकीची खोलीही मोजतात, स्वयंपाकघर व न्हाणीघर मोजीत नाहीत. म्हणजे ती आपली एक बेडरूमची जागा झाली. भाडेही दोन प्रकारचे, एक ‘थंड’ आणि एक ‘ऊन’. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे. ऊन भाड्यात पाणी, कचरा, जिन्याचा दिवा आणि बहुधा हिवाळ्यातील उष्णता मिसळलेली असते. वीज बहुतेक ठिकाणी त्याहून निराळी. शिवाय हे ऊन भाडेही अंदाजाचे असते. वर्षाचा हिशेब पुढे कधीतरी टपालाने येतो, आणि खिडकी तिरपी उघडी ठेवून दिवसभर हीटर चालवणाऱ्याला तो चांगलाच ऊन लागतो. नभोवाणी-दूरदर्शनचा घरटी कर वेगळा. २०२१ साली तो महिना १८.३६ युरो ठरला. घरात दूरदर्शनचा संच नाही म्हणून तो चुकत नाही.

अनामत रकमेबाबत मात्र कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक अनामत मालकाला मागता येत नाही, आणि तीही तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पुण्यातून निघताना विमानाच्या तिकिटापासून लोकरीच्या कपड्यांपर्यंत खर्च करून खिसा रिकामा झालेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे सांगावयास नको. पण हा हक्क मागावा लागतो, आपण होऊन कोणी सांगत नाही.

सर्वांत आश्चर्य वाटते ते स्वयंपाकघराचे. पुष्कळ जागा तेथे स्वयंपाकघराविना मिळतात. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, शेगडी नाही, भांडी घासण्याचे बेसिनसुद्धा नाही. भिंतीतून नळाचे तोंड तेवढे बाहेर आलेले. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचलून नेतो, किंवा नव्याला विकतो. तेव्हा दोन जागांची तुलना करताना ज्या घरात स्वयंपाकघर आहे, त्याचे शेपन्नास युरो जास्त भाडे नेहमीच महाग पडते असे नाही.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग येथूनच चौकशी करून, छायाचित्रे पाहून जागा ठरवून टाकावी. आमचे स्पष्ट मत याच्या उलट आहे. जागा न पाहता पैसे पाठवू नयेत, किल्ली टपालाने पाठवतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. अशा रीतीने फसवणारे लोक नव्या माणसाच्या घाईवरच जगतात. पहिले दोन-तीन महिने सामानासह तात्पुरती जागा घ्यावी, ती महाग पडली तरी चालेल. मात्र एक गोष्ट आधी लेखी विचारावी: येथे नगरपालिकेत नाव नोंदवता येईल काय? जर्मनीत राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. या नोंदीनंतर कराचा क्रमांक येतो, आणि पुढली बरीच कामे तिच्यावर अडून असतात. काही मालक जागा देतात, दाखला देत नाहीत. तसली जागा स्वस्त असली तरी घेऊ नये.

आता त्या दोन-तीन महिन्यांत काय पाहावयाचे? येथे आम्ही पुन्हा भोंग्याकडे येतो. समजा, नोकरी सिंडेलफिंगेनला आहे. कारखान्याच्या जवळच घर मिळाले. नवरा सकाळी सातला निघून दहा मिनिटांत कामावर हजर! सगळे अभिनंदन करतात. त्याला कारखान्यात सोबती आहेत, भोजनगृह आहे, इंग्रजीतून भागते. बायकोच्या वाट्याला मात्र शांत गल्ली, डिसेंबरात साडेचारला मावळणारा सूर्य आणि दुकाने बंद असलेला रविवार. नवरा ‘ब्लू कार्ड’ नावाच्या परवान्यावर गेला असेल, तर तिलाही नोकरी करण्याची पूर्ण मुभा कायद्याने आहे. पण जर्मन भाषेवाचून ती मुभा बहुधा कागदावरच राहते. पुण्यात दहा वर्षे हिशेबाचे वा शिकवण्याचे काम केलेली बाई तेथे खिडकीशी बसून नवऱ्याची वाट पाहते. वर्षाने लोक म्हणतात, तिला परदेश मानवला नाही. आमचे म्हणणे असे, की तिला परदेश मिळालाच नाही. तिला एक गल्ली मिळाली.

याच्या जागी फाइहिंगेनसारखे ठिकाण पाहा. ते श्टुटगार्टचेच उपनगर, टेकडीच्या माथ्यावरचे. तेथून आगगाडीने एका दिशेला ब्योबलिंगेन दहा-पंधरा मिनिटांवर, आणि तेथून पुढे गाडी बदलून सिंडेलफिंगेन. दुसऱ्या दिशेला तेवढ्याच वेळात शहराचा मध्यभाग. तेथे स्थानकाजवळच लोकशिक्षणाचे मोठे केंद्र आहे, त्यात भाषेचे वर्ग चालतात. २०११ साली उघडलेले पांढऱ्या ठोकळ्यासारखे नगरवाचनालयही शहरातच आहे. नवऱ्याचा रोजचा अर्धा तास अधिक जाईल. जाऊ द्या. त्या अर्ध्या तासाने दुसऱ्या माणसाचा सबंध दिवस उघडतो. प्रवासाच्या खर्चाचे निमित्तही आता फारसे उरले नाही. सबंध देशातील लोकल गाड्या व बसगाड्यांना चालणारे एकच मासिक तिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झाले. पुढे त्याचा दर वाढला, तरी ते मोटारीपेक्षा पुष्कळच स्वस्त आहे.

मुले असतील तर आणखी एक गोष्ट. त्या प्रांतात प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. आपण जागा निवडतो तेव्हा शाळाही निवडून झालेली असते. म्हणून घर पाहावयास जाल तेव्हा शाळा सुटण्याच्या सुमारास त्या रस्त्याने एक फेरी मारावी.

‘आपल्या माणसांजवळ राहावे काय?’ असे आम्हांला हटकून विचारतात. पहिल्या हिवाळ्यात मराठी बोलणारे एखादे घर जवळ असणे हे औषध आहे, त्याची टवाळी आम्ही करणार नाही. परंतु त्यासाठी एकाच इमारतीत राहण्याची गरज नाही. गाडीने वीस मिनिटांवरचा शेजारही गणपतीला पुरतो. इमारतीतला शेजार मात्र स्थानिक असावा, कारण भाषा शेवटी जिन्यात शिकली जाते.

जिन्यावरून आठवले. त्या मुलखात ‘केरवोखे’ नावाची प्रथा आहे, केर काढण्याचा आठवडा. आपल्या केराशी तिचा संबंध योगायोगाचा, पण अर्थ अगदी तोच. तिचे मूळ पंधराव्या शतकातील नगरनियमांत सांगतात. पाळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने जिना व अंगण झाडावयाचे; पाळी आली की दाराला पाटी लटकते. करारात ही अट आहे काय, ते सही करण्यापूर्वी वाचावे. रात्री दहानंतर आवाज नको, आणि फोडणीचा वास घालवण्यासाठी खिडकी पाच मिनिटे पूर्ण उघडावी, जिन्याकडचे दार नव्हे. आमच्या पाहण्यातल्या एका बाईंची पहिली मैत्रीण याच पाटीपायी झाली. झाडू कोठे ठेवतात हे विचारावयास त्या शेजारच्या आजींकडे गेल्या, आणि तासाभराने चहा घेऊन परतल्या.

शेवटी एक किरकोळ वाटणारे काम. तेथे इमारतीत घरांना सहसा क्रमांक नसतात. टपालवाला घंटेवरचे आणि पेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर कराचा क्रमांक, बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड, सारे आल्या पावली परत जाते. म्हणून किल्ली हातात आल्याच्या दिवशीच घंटेवर नाव लावून घ्यावे. बायकोने आडनाव बदललेले नसेल, तर दोन्ही आडनावे लावावीत. पाटी लहान असते, पण दोन्ही मावतात.