केनवडला आपले स्वागत असो



मोबाईलवरच्या व्यवहारांची ही परिषद रिसोड तालुक्यातल्या आमच्या केनवडला भरते आहे, याचा गावाला मोठा अभिमान आहे. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, पण ही भूमी वाकाटकांची. वाशीम म्हणजे त्यांची राजधानी वत्सगुल्म. इथल्या राजा सर्वसेनाने प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकाराने त्याचा उल्लेख केला आहे. असा कवी-राजा आपल्या जिल्ह्याचा, आणि आमच्या पोरांना त्याचे नावही ठाऊक नसते, याची मला फार खंत वाटते. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला. त्यात गाव दान दिल्याची नोंद आहे. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर मात्र प्राकृतात. देण्याघेण्याची गोष्ट लोकभाषेत लिहावी, हे त्या काळीही उमगले होते, असे मी मानतो.

आपल्या विषयाशी माझे नाते एवढेच. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम-किसानचा अठरावा हप्ता आमच्याच जिल्ह्यातून देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत गेला. खात्यापर्यंत पैसा पोचतो. पुढे एखादी आजी अंगठा लावते, पावती मागायला संकोचते, पिन दुसऱ्याला सांगून टाकते. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची १२३पे सोय २०२२ पासून आहे. ती कशी वापरायची, हे तिला तिच्या बोलीत कोण शिकवणार? दोन दिवसांत याचे उत्तर काढा, ही माझी आग्रहाची विनंती.

व्यवस्थेत उणिवा आहेत. मुक्कामाच्या खोल्या कमी पडल्या, म्हणून पाहुण्यांना घरोघरी उतरवले आहे. मांडवात रेंज जाते. प्रात्यक्षिके शाळेच्या गच्चीवर ठेवली आहेत, तेवढे जिने चढण्याचा त्रास घ्यावा. ज्यांनी गहू दिला, तूरडाळ दिली, मांडवाचे भाडे घेतले नाही, जनरेटर आणून दिला, पाण्याचे टँकर पाठवले, आणि ज्या माउल्या पहाटेपासून पोळ्या लाटताहेत, त्या सर्वांचे मनापासून आभार. नावे घेऊ नका, असे देणाऱ्यांनीच बजावले आहे. पहिली पंगत साडेबाराला बसेल. बाहेरगावच्या पाहुण्यांनी आधी बसावे.

आपणां सर्वांचे केनवडच्या वतीने स्वागत करतो.