तपासायला हवी ती जागा
(विज्ञान शाखेतील विद्यार्थी कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मराठी शाळेत दहावीपर्यंत पहिल्या तिघांत राहिलेला एखादा विद्यार्थी मोठ्या शहरातील विद्यापीठात पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र शिकायला येतो आणि सहा महिन्यांतच मनाशी म्हणू लागतो, 'ही जागा माझ्यासाठी नाही.' त्याला सहसा दोन उत्तरे मिळतात. मन घट्ट कर, हे एक. झेपत नसेल तर सोडून दे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत दोष विद्यार्थ्याचाच गृहीत धरलेला आहे. माझ्या मते आधी तपासायला हवी ती जागा.

प्रथम भाषेचा विचार करू. त्वरण, संवेग, जडत्व या कल्पना त्याने मराठीत समजून घेतलेल्या असतात. अकरावीपासून विज्ञानाचे शिक्षण इंग्रजीत होते. विद्यापीठात तर व्याख्याने, ग्रंथ, प्रश्नपत्रिका सारेच इंग्रजी. न्यूटनचा नियम त्याला ठाऊक असतो. शंका कोणत्या शब्दांत विचारावी, हे ठाऊक नसते. म्हणून तो गप्प राहतो. गप्प राहणारा मंद समजला जातो आणि काही काळाने तो स्वतःही तसेच समजू लागतो. विद्यापीठीय शिक्षण सुमारे दहा वर्षांत प्रादेशिक भाषांतून सुरू व्हावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली होती. त्याला अर्धशतक उलटून गेले. विज्ञानशाखांपुरती ती कागदावरच राहिली.

दुसरा प्रश्न संस्थेच्या घडणीचा. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली, ती प्रामुख्याने परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. अध्यापनाचे विभाग पुष्कळ नंतर आले. चाळणी लावणे हेच विद्यापीठाचे मुख्य कार्य, ही समजूत मात्र तेव्हापासून रुजली. आज कायम प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. ज्याला तासागणिक मोबदला मिळतो आणि पोटासाठी दुसरे महाविद्यालय गाठायचे असते, त्याने तास संपल्यावर शंकानिरसनासाठी थांबावे कसे? शिकवण्याची बाजू अशी दुबळी होते आणि चाळणीची छिद्रे मात्र बारीक होत जातात. मग ज्याच्या घरी खासगी शिकवणीचे पैसे आहेत, तो पुढे सरकतो.

यावर आक्षेप येतो, 'स्पर्धा नको, तर गुणवत्तेचे काय?' आपल्याला कसोटी सौम्य करून नको आहे. अनुमापनाचा अंत्यबिंदू कोणाची जात किंवा भाषा पाहून बदलत नाही, बदलूही नये. पण त्या अंत्यबिंदूपर्यंत स्वतःच्या हाताने पोचण्याची संधी प्रत्येकाला मिळाली का, हा प्रश्न गुणवत्तेच्याच पोटातला आहे. एका उपकरणाभोवती पाचजण उभे राहतात, एकजण हाताळतो आणि बाकीचे जर्नलमध्ये आकडे उतरवून घेतात. त्यातून मोजली जाते ती आधीची तयारी. तिला गुणवत्ता म्हणता येत नाही.

मेघनाद साहा यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. ढाक्याजवळच्या खेड्यातील गरीब दुकानदाराचा हा मुलगा शेजारच्या गावी एका डॉक्टरांच्या आश्रयाने शिकला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात असताना वसतिगृहातील उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याला आपल्या पंगतीला बसू दिले नाही. तोच पुढे १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा करणारे आयनीभवनाचे समीकरण मांडतो आणि १९५२ साली लोकसभेत निवडून जातो. 'बघा, जिद्द असली की सारे जमते,' असा याचा अर्थ लावला जातो. मला त्यात ते डॉक्टर अधिक महत्त्वाचे वाटतात. ते भेटले नसते तर? आश्रय हा योगायोग न राहता हक्क व्हावा, हीच समाजवाद्यांची भूमिका आहे.

ती उसनी आणलेली नाही. राज्याचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, हे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. सार्वजनिक विद्यापीठ आजही जनतेच्या पैशावर उभे आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, हे कोठारी आयोगाने सांगितले आणि २०२० च्या धोरणाने पुन्हा लिहिले. ते प्रमाण आजवर गाठले गेलेले नाही.

विद्यार्थी चळवळीने शुल्क, प्रवेश आणि वसतिगृहे यांसाठी मोठे लढे दिले. वर्गाच्या दाराआड काय घडते, याकडे मात्र तिचे लक्ष कमी गेले. तेथून कामाला लागावे. प्रत्येक विज्ञान विभागात पहिल्या सत्राला द्विभाषिक परिचयवर्ग, मराठीतून शंका विचारण्याची मुभा, रिक्त पदांची कायम भरती आणि प्रात्यक्षिकाला पुरेशी उपकरणे, या चार मागण्या विद्यापीठापुढे ठेवाव्यात. त्या मान्य होईपर्यंत वसतिगृहाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासमंडळ चालवणे कोणाच्याही परवानगीवाचून शक्य आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्याला शिकवावे. शिकवताना त्याचाही विषय पक्का होतो.

एखाद्याला खरोखरच दुसरा विषय आवडत असेल, तर त्याने तो खुशाल घ्यावा. त्यात हार नाही. पण विज्ञानाची ओढ असूनही केवळ परकेपणामुळे जो परत निघाला आहे, त्याची ट्रंक एस.टी.वर चढण्याआधी आपला कार्यकर्ता त्याच्या खोलीवर पोचला पाहिजे.