रब्बीच्या पिकावरील थंडीची रात्र



मराठवाडा म्हटले की अवर्षण आठवते; हिम कोणाला आठवत नाही. तरीही परभणीच्या कृषी विद्यापीठात १७ जानेवारी २००३ रोजी किमान तापमान २.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजीही ते ३ अंशांवर आले होते.

जिंतूर तालुक्यातील बोरीच्या शेतकऱ्याने असा आकडा जपूनच वाचावा. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, लाकडी पेटीच्या आडोशाला असतो. हरभरा मात्र उघड्या आभाळाखाली उभा असतो. निरभ्र, निर्वात रात्री पान आपली उष्णता आकाशाला देत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. पेटीत ३ अंश असताना पानावरचे दव गोठू शकते, ते यामुळेच. शिवाय थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने ओघळत ओढ्याकाठच्या सखल वावरात साचते. माळावरचे पीक वाचते आणि खालचे करपते, यात दैवाचा भाग फारसा नाही.

थंड देशांत हिमाबरोबर पिकांचा हंगामच संपतो. येथे थंडी हाच रब्बीचा आधार आहे. गव्हाला फुटवे येतात ते तिच्यामुळेच. पण ज्वारी निसवत असताना कडाका पडला, तर परागकण निकामी होतात आणि कणसात दाणा धरत नाही. हरभऱ्याचा फुलोरा गळतो. कोरडवाहू कुटुंबाच्या दृष्टीने यात वर्षाची भाकरी आहे आणि जनावरांचा कडबाही. ज्वारीची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे नेऊ नये, या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

उभ्या पिकाला हलके पाणी देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. ओली काळी जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते, आणि विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेहून उबदार असते. अर्थात, त्या वेळी वीज असली पाहिजे! पहाटे पालापाचोळ्याचा धूर करण्याची रीत जुनी आहे. धुराच्या पांघरुणापेक्षा विस्तवाने तळाची हवा ढवळली जाते, हा त्याचा अधिक लाभ. मात्र एकट्याच्या शेकोटीची ऊब त्याच्याच बांधापाशी विरून जाते. सखल शिवारातील सर्व खातेदारांनी एकाच वेळी विस्तव केला, तरच काही हाती लागते. सायंकाळी वारा पडला आणि आभाळ स्वच्छ दिसले की त्यांनी एकत्र बसून पाळ्या ठरवाव्यात; काडीकचरा तर त्याआधीच बांधावर पोहोचलेला हवा.